डाउट की सस्पेक्ट? आर्टिकलशिपला निघालेल्या मराठी माध्यमवाल्यांसाठी

मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीचं कॉमर्सही मराठीतूनच. सीए इंटरचा (सीएच्या मधल्या परीक्षेचा) एक ग्रुप सुटला की आमच्या वेळी आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, लागता यायचं, तशी मी पुण्यात एका ऑफिसात लागले. व्हाउचिंग कसं करायचं, बँक रिकन्सिलिएशन कसं जुळवायचं, हे तुम्हाला येत असेल, नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत येईल. त्याबद्दल मी लिहीत नाही. मला लिहायचंय आठ शब्दांच्या एका इंग्रजी वाक्याबद्दल. ते मी क्वेरी शीटमध्ये (ऑडिट करताना पडलेले प्रश्न क्लायंटला पाठवायचा तक्ता) टाकलं आणि दीड महिना निवांत झोपले.

क्लायंट चाकणकडचा कारखाना. मी ट्रान्सपोर्टची बिलं बघत होते. अकरा बिलं अशी सापडली की एलआर नंबर (लॉरी रिसीटचा, म्हणजे मालपावतीचा) तोच, गाडी नंबर तोच, पण एक बिल ऑगस्टमध्ये बुक झालेलं आणि तेच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बिल नंबरने पुन्हा. रक्कम दोन लाख सोळा हजार. आर्टिकल होऊन मला जेमतेम सात महिने झाले होते, त्यामुळे आनंद गगनात मावेना. क्वेरी शीटच्या रिमार्कच्या रकान्यात मी लिहिलं, ‘वी डाउट दॅट दीज बिल्स आर बुक्ड ट्वाइस.’ डोक्यात अर्थातच मराठी होतं: ही बिलं दोनदा लागली आहेत अशी आम्हाला शंका आहे.

शीट चेन्नईला त्यांच्या फायनान्स कंट्रोलरकडे गेली. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘नोटेड. वी कन्कर.’ कन्कर म्हणजे सहमत, हे मी शोधून काढलं. त्यांनी मान्य केलं! वर्किंग पेपरवर मी ऐटीत लिहिलं, ‘अ‍ॅक्सेप्टेड बाय क्लायंट’, आणि पुढच्या कामाला लागले.

घोटाळा लक्षात येतोय का? माझं वाक्य त्यांनी वाचलं ते असं: ही बिलं दोनदा लागली असतील असं आम्हाला वाटत नाही. त्यावर ते म्हणाले, बरोबर, आम्हालाही वाटत नाही. दोन्ही बाजू खूश आणि दोन लाख सोळा हजार जिथल्या तिथे.

सप्टेंबर उजाडला. 30 सप्टेंबरच्या आत कंपनीची एजीएम (वार्षिक सभा), ऑडिट रिपोर्टवर सही व्हायला दोन दिवस उरलेले. मॅनेजर म्हणाले, ‘क्लायंटने मान्य केलंय ना, मग क्रेडिट नोट कुठंय?’ म्हणजे जास्तीचं बिल वजा केल्याचा ट्रान्सपोर्टरचा कागद. मी कारखान्यात फोन लावला. तिथल्या हेड अकाउंटंट काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच तर लिहून दिलंय, दोनदा लागल्याचं वाटत नाही म्हणून. मग साहेबांनी बंद करून टाकली क्वेरी.’ काका मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पण तीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार हाताखालून गेलेला. त्यांनी माझं वाक्य बरोबर वाचलं होतं. मला काय म्हणायचंय तेही कदाचित त्यांना कळलं असावं. पण ते कशाला बोलतील?

त्या दिवशी ऑफिसात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. ‘मराठी मीडियम ना?’ एवढा एक प्रश्न पुरे.

आता नीट बघू, कारण हे इतर कुणी समजावून सांगत नाही.

मराठीत ‘शंका’ शब्दाला स्वतःचा कल नसतो. ‘तो येईल की नाही याची शंका आहे’ म्हटलं तर कल नाहीकडे. ‘त्यानेच पैसे घेतले असावेत अशी शंका आहे’ म्हटलं तर होकडे. वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हटलं तर तो नुसता प्रश्न. (लघुशंका वेगळीच.) कुठली शंका ते उरलेलं वाक्य ठरवतं आणि ऐकणाऱ्याला बिनचूक कळतं. म्हणून आपल्याला कधी थांबून विचार करावा लागत नाही.

इंग्रजीत कल क्रियापदातच बसलेला असतो. ‘आय डाउट दॅट’ म्हटलं की पुढे जे काही येईल ते खरं नसावं असं तुमचं मत झालं. ‘आय सस्पेक्ट दॅट’ म्हटलं की पुढचं खरं असावं. पुढचं वाक्य एकच ठेवा. ‘आय डाउट ही इज अ‍ॅट होम’ म्हणजे तो घरी नसणार. ‘आय सस्पेक्ट ही इज अ‍ॅट होम’ म्हणजे तो घरीच असणार. हे जवळजवळ सारखे शब्द नाहीत, उलटे आहेत. आणि आपण दोघांनाही एकाच ‘शंका’च्या पिशवीत कोंबलंय.

त्यात भर आपल्या क्लासेसची. डाउट सेशन, डाउट क्लिअर करणे, ‘आय हॅव अ डाउट’. भारतात डाउट म्हणजे प्रश्न हे इतकं रुळलंय की लहानपणापासून आपण तो शब्द फक्त त्याच अर्थाने वापरतो. भारताबाहेरचा माणूस ‘आय हॅव अ डाउट’ ऐकून चमकतो, त्याला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. तिथे सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा.

लक्षात कसं ठेवायचं? मला उत्तर अकरावीच्या अकाउंटच्या पुस्तकातच सापडलं आणि स्वतःची चीड आली. बुडीत व संशयित कर्ज. डाउटफुल डेट्स. डाउटफुल म्हणजे येणं येईल असं वाटत नाही, कल नाहीकडे. म्हणून तर त्याच्यासाठी तरतूद करायची. हे आपण शेकडो वेळा लिहिलंय. आता वर्तमानपत्र उघडा: ‘संशयित ताब्यात’. हा संशयित म्हणजे सस्पेक्ट. त्याने केलं असावं असं पोलिसांना वाटतंय, कल होकडे. शब्द तोच, ‘संशयित’. कर्ज संशयित असेल तर डाउटफुल, माणूस संशयित असेल तर सस्पेक्ट. ही जोडी मनात बसली की पुन्हा घसरायला होत नाही. मी तरी घसरलेले नाही.

यात एक फरक. नाम वापरलंत तर धोका कमी. ‘वी हॅव डाउट्स अबाउट दीज बिल्स’ लिहिलं असतं तर काम भागलं असतं, कारण बिलांबद्दल विश्वास वाटत नाही एवढाच त्याचा अर्थ. गफलत होते ती डाउटला ‘दॅट’ जोडून पुढे अख्खं विधान लावल्यावर. ‘वी डू नॉट डाउट’ लिहिलंत तर त्याचा अर्थ खात्री आहे असा होतो, तिथे तर मराठीतून येणारा माणूस पार उताणा पडतो.

घाबरू नका. ही चूक मूर्खपणाची नाही. जुन्या इंग्रजीत ‘आय डाउट’ म्हणजे ‘मला भीती वाटते की तसं असेल’ असाही अर्थ होता, आणि स्कॉटलंडमध्ये तो अजून चालतो. डाउटचं मूळ लॅटिन, तिथे त्याचं नातं ‘दोन’शी आहे: दोन्हीकडे मन जाणं, आपली द्विधा. म्हणजे इंग्रजीलाही हा शब्द एका बाजूला लावायला वेळ लागला. पण चाकणच्या कारखान्याला स्कॉटलंड सांगून उपयोग नसतो.

ऑडिटमध्ये या दोन शब्दांना वजन आहे म्हणून इतकं लांबण लावतेय. किंग्स्टन कॉटन मिलचा 1896चा निकाल तुम्ही पाठ केलाच असेल: ऑडिटर राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नाही. त्याच निकालात म्हटलंय की ऑडिटरने संशय घेऊनच कामाला सुरुवात करावी असं त्याच्यावर बंधन नाही. तिथे शब्द सस्पिशन आहे, डाउट नाही. आणि आजचं एसए 200 (एसए म्हणजे ऑडिट कसं करायचं त्याची मानकं) सांगतं प्रोफेशनल स्केप्टिसिझम ठेवा, म्हणजे प्रश्न विचारणारं मन ठेवा. आता हे तिन्ही मराठीत ‘संशय’ या एकाच शब्दाने लिहून बघा: संशय घेऊन सुरुवात करू नका, पण संशयी राहा. परीक्षेत मी हेच घोकत होते आणि मला वाटायचं पुस्तकच गोंधळलंय.

याच्याही पुढची पायरी ‘रीझन टू बिलीव्ह’. प्राप्तिकर कायद्याच्या 147व्या कलमात तेव्हा हे शब्द होते. 1976मध्ये लखमनी मेवाल दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायद्यात शब्द ‘रीझन टू बिलीव्ह’ आहेत, ‘रीझन टू सस्पेक्ट’ नाहीत. नुसता संशय आला म्हणून जुनी असेसमेंट उघडता येत नाही, मानायला आधार लागतो. कंपनी कायदा 2013च्या 143(12) मध्येही फ्रॉड कळवण्यासाठी ऑडिटरकडे ‘रीझन टू बिलीव्ह’ असावं लागतं. एका शब्दावर केस पडते. त्यामुळे ‘भावना समजून घ्या’ हे या धंद्यात चालत नाही.

मग मी डाउट खोडून सस्पेक्ट लिहायला हवं होतं का? नाही! दुसऱ्या दिवशी मी तेच करून प्रिन्सिपल सरांकडे (ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप, ते सीए) गेले आणि पुन्हा ऐकलं. सस्पेक्ट म्हणजे तुम्ही समोरच्यावर बोट ठेवलंत. कारखान्यातल्या कारकुनाने दोनदा एन्ट्री मारली असेल, ट्रान्सपोर्टरने मुद्दाम दोनदा बिल पाठवलं असेल, तुम्हाला अजून माहीत नाही. सरांनी जे लिहायला लावलं ते असं: अमुक एलआर नंबर अमुक बिलात आणि तमुक बिलातही दिसतो, दोन्ही बिलं बुक झाली आहेत, कृपया खुलासा करावा. झालं. ना डाउट, ना सस्पेक्ट. जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते पोटात ठेवा. क्रेडिट नोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

त्या आठवड्यात मी एक वही केली, आणि इथे माझं एक ठाम मत आहे, पटो न पटो. बाजारात ‘गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द’ म्हणून ज्या याद्या फिरतात, अफेक्ट-इफेक्ट, स्टेशनरीची दोन स्पेलिंग, कॉम्प्लिमेंटची दोन स्पेलिंग, त्या मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या चुकांच्या याद्या आहेत. त्यांना कानाला सारखे वाटणारे शब्द चुकतात. आपल्याला चुकतात ते शब्द कानाला अजिबात सारखे नसतात. डाउट आणि सस्पेक्ट कुठल्या यादीत शेजारी सापडणार? ते शेजारी येतात फक्त मराठी डोक्यात. म्हणून वहीत पानाच्या वर मराठी शब्द लिहा आणि खाली तो इंग्रजीत किती तुकड्यांत फुटतो ते भरत जा. मोल्सवर्थचा 1831चा मराठी-इंग्रजी कोश, त्याची 1857ची दुसरी आवृत्ती, याच दिशेने लिहिलेला आहे आणि इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी जुनं आहे त्यातलं, मेलमध्ये उतरवू नका, पण एक मराठी शब्द किती फुटतो ते बघायला त्याच्यासारखं काही नाही.

माझ्या वहीतलं पहिलं पान ‘शंका’. दुसरं ‘घोळ’. हिशेबात घोळ आहे असं आपण किती सहज म्हणतो. पण घोळात चूकही येते, अफरातफरही येते आणि नुसता पसाराही येतो. एसए 240मध्ये एरर आणि फ्रॉड यांच्यातली रेघ एकाच गोष्टीवर आखलीय: मुद्दाम केलं की नाही. रक्कम किती मोठी यावर नाही. पाच कोटींची चूक एररच, पाचशे रुपयांचं बनावट व्हाउचर फ्रॉड. माझ्या बरोबरच्या मुलाने साध्या बेरजेच्या चुकीला मेलमध्ये फ्रॉड लिहिलं आणि क्लायंटचे मालक स्वतः ऑफिसात आले. माझ्यापेक्षा त्याचं जास्त महागात पडलं, हे सांगायला मला आजही थोडं बरं वाटतं.

‘तपासणे’ हे पान भरतच नाही. चेक, व्हेरिफाय, व्हाउच, इन्स्पेक्ट, एक्झॅमिन, इन्व्हेस्टिगेट. व्हाउचिंग व्यवहाराचं, कागदाशी ताडून. व्हेरिफिकेशन ताळेबंदातल्या मालमत्तेचं आणि देण्यांचं, ती आहे का, कुणाची आहे, किती किमतीची आहे. इन्व्हेस्टिगेट हा शब्द तर रुटीन ऑडिटच्या मेलमध्ये आणूच नका, समोरच्याला वाटतं धाड पडली. ‘किंमत’ म्हणजे कॉस्ट, प्राइस, व्हॅल्यू. स्टॉकचं मूल्यांकन कॉस्ट आणि नेट रिअलायझेबल व्हॅल्यू (विकून खर्च वजा जाता हातात येईल ती रक्कम) यांत जे कमी त्याने करायचं असतं, आणि आपण दोन्हीला किंमतच म्हणत राहिलो तर कमी कशापेक्षा तेच कळत नाही. ‘निधी’ म्हणजे रिझर्व्ह की प्रोव्हिजन? महाराष्ट्र बोर्डाच्या सवयीने आपण आरडीडी म्हणतो, रिझर्व्ह फॉर डाउटफुल डेट्स. सीएच्या पेपरात ते प्रोव्हिजन आहे. प्रोव्हिजन नफा काढण्याआधी वजा होते, रिझर्व्ह झालेल्या नफ्यातून बाजूला काढतात. इंटरला माझे यात मार्क गेलेत.

आणखी एक जात आहे, तिचा इलाज वहीत नाही. मराठीत येऊन स्थायिक झालेले इंग्रजी शब्द. ते आपल्याला येतात असं वाटतं, हीच अडचण. ‘मटेरियल मिसस्टेटमेंट’ वाचून मला दोन महिने वाटत होतं की कच्च्या मालाच्या आकड्यातली चूक. मटेरियल म्हणजे इथे वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल इतकं महत्त्वाचं. ‘आउटस्टँडिंग’ शाळेच्या प्रगतिपुस्तकात उत्तम, लेजरमध्ये थकलेलं. आणि सगळ्यात डेंजर ‘क्वालिफाइड’. पोरगा क्वालिफाइड झाला म्हणजे गावात पेढे. ऑडिट रिपोर्ट क्वालिफाइड झाला म्हणजे कंपनीचं तोंड कडू, कारण ऑडिटरने मतात अट घातली, अमुक गोष्ट सोडून बाकी बरोबर आहे म्हणून. माझी बॅचमेट क्लायंटला अभिनंदन करणार होती. दारातून ओढून आणली तिला.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर: व्याकरण तपासणारी अ‍ॅप्स इथे भरवशाची नाहीत. माझ्या त्या आठ शब्दांत व्याकरणाची एकही चूक नाही, लाल रेघ येणार कुठून? एआयला मेल लिहायला सांगितलात तर इंग्रजी गुळगुळीत होईल, पण तुम्ही ‘डाउट’ सांगितलंत तर तो डाउटच सजवून देईल. वाक्य आधी मराठीत स्वतःशी पूर्ण म्हणा: झालंय असं वाटतंय, की झालं नाही असं वाटतंय? मग इंग्रजीत जा.

सिनियरांचं म्हणाल तर, ‘इंग्रजी सुधार’ म्हणणाऱ्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. लाल पेनने खोडून कागद परत देणाऱ्यांचाही नाही. उपयोग झाला तो प्रिन्सिपल सरांच्या एका सवयीचा. ते म्हणायचे, ‘हे मला मराठीत वाचून दाखव.’ मी अर्थ सांगायला लागले की माझी मलाच चूक दिसायची. असा माणूस मिळाला तर स्टायपेंड कमी असला तरी ऑफिस बदलू नका. हे माझं मत आहे, घरचे वेगळं सांगतील. नाही मिळाला तर क्लायंटकडचे जुने अकाउंटंट गाठा, चहाला बसा. ते हसतील, पण सांगतील.

आणि तुमच्याकडे वेळ आमच्यापेक्षा कमी आहे. आम्हाला तीन वर्षं होती, 1 जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत दोनच. फाउंडेशनला (सीएच्या पहिल्या परीक्षेला) बिझनेस करस्पाँडन्सचा भाग होता, नव्या अभ्यासक्रमात तोही निघाला. म्हणजे पत्र लिहायला तुम्ही थेट क्लायंटच्या डोक्यावर शिकणार. चुकाल. पहिल्या सहा महिन्यांत चुकलात तर क्वेरी शीट सिनियरच्या हातून जाते, तो पकडेल. माझी कुणी पकडली नाही, पण सहसा पकडतात.

वही शंभर पानी घ्या, दोनशे पानी नको, बॅगेत लॅपटॉपबरोबर मावत नाही. फोनमध्ये टिपून ठेवू नका, क्लायंटकडे सारखा फोन बाहेर काढलेला चालत नाही.